फुंकून घेतलेला जोडा

मागच्या उन्हाळ्यात दुर्गच्या बाजारात बूट घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने जाळीजाळीचा एक बूट पुढे ठेवला आणि म्हणाला, "अंकल, इसमें पूरी हवा पास होती है." मी बूट उचलला, तोंडाशी धरला, आत जोरात फुंकर मारली आणि बाहेरून तळवा लावून बघितलं. दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. बरोबर आलेली सून शरमेने दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली. फुंकर तळव्याला लागत होती, म्हणजे बूट चांगला होता. तरी मी तो घेतला नाही. वय झालं की पायही कटकटे होतात आणि माणूसही. पण खरं सांगायचं तर फुंकर मारली आणि गजभियेजी आठवले, मग त्या दुकानात बसवेना.

गजभियेजी आमच्या सर्व्हे पार्टीचे हेड खलाशी. तेव्हा भिलाईत कारखाना नव्हता, कारखान्याची नुसती जागा होती. उठवलेली शेतं, लाल मुरूम, मधूनच एखादं मोहाचं झाड आणि जिकडेतिकडे आम्ही ठोकलेल्या खुंट्या. मी नागपूरकडच्या रेल्वेवाल्याचा मुलगा, नुकताच सर्व्हेअर म्हणून लागलेला. दुर्बीण माझ्याकडे, मोजणीची साखळी आणि खुंट्या त्यांच्याकडे. त्यांचं गाव भंडाऱ्याकडे. माझ्या वडिलांच्या वयाचे होते. अंगाने काटक, मिशा पांढऱ्या, आणि चालायला लागले की आम्हा पोरांना त्यांच्यामागे धावावं लागे. पुढे सेक्टर दोनमध्ये आम्हाला शेजारशेजारची क्वार्टर्स मिळाली. मध्ये मेंदीचं कुंपण होतं, पण ते नावालाच.

नव्या माणसाचं तोंड ते नंतर बघायचे, आधी पाय. मी पहिल्या दिवशी गेलो तो वडिलांनी नोकरीसाठी घेऊन दिलेले काळे, चकचकीत बूट घालून. गजभियेजींनी त्या बुटांकडे बराच वेळ बघितलं.

"बाबू, हे लग्नातले जोडे होय," ते म्हणाले. "कामाचे कुठी हायत?"

मला राग आला होता. दुपारपर्यंत टाचांना फोड आले आणि राग गेला. संध्याकाळी ते मला दुर्गला स्टेशनजवळच्या मोच्याकडे घेऊन गेले. संध्याकाळीच, कारण दिवसभर चालून पाय फुगतो आणि जोडा फुगलेल्या पायाच्या मापाचा घ्यायचा असतो, हा त्यांचा नियम. सकाळी घेतलेला जोडा दुपारी वैरी होतो, म्हणायचे. वर तंबूचं जाड कापड, खाली मोटारच्या टायरचा तळ, आत सुती मोजा. रंग मातकट, काळा अजिबात नाही, कारण काळा ऊन पितो. मोच्याने कापड शिवून दिलं की गजभियेजी जोडा तोंडाशी धरून फुंकायचे आणि बाहेर तळव्याला वारा लागला तरच पैसे द्यायला सांगायचे. "पाय बी जीव होय, बाबू. त्याले बी श्वास लागते."

सगळ्या साइटवर त्यांची थट्टा व्हायची. लोक ताक फुंकून पितात, हे जोडा फुंकून घालतात! पण थट्टा करणारेच रविवारी नवा जोडा घेऊन त्यांच्या ओसरीवर यायचे. मद्रासकडचे फिटर, पंजाबी ड्रायव्हर, एकदा तर एक रशियन इंजिनियरही. त्याला आपली भाषा कळेना, आपल्याला त्याची. गजभियेजींनी त्याचा जाडजूड बूट फुंकला, मान हलवली आणि नाकाला बोट लावलं. तो माणूस इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं.

उन्हाळ्यात दुपारी काम थांबलं की मोहाच्या सावलीत बसून ते हाक द्यायचे, "पाय सोडा!" मग सगळ्यांनी जोडे काढायचे, मोजे फांदीवर वाळत टाकायचे आणि उघडे पाय वाऱ्याच्या दिशेने करून बसायचं. भाकरी त्यानंतर. त्यांच्या पायात दोन जोड आलटूनपालटून असत. आज घातलेला उद्या घरी खुंटीवर उलटा टांगलेला. जोड्यालाही सुटी पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. आम्हाला मात्र क्वचितच मिळायची.

असेच पाय सोडून बसलेले असताना आमच्या विभागाचे बंगाली साहेब जीपमधून आले. फांद्यांवरचे मोजे बघून म्हणाले, "ये क्या धोबीघाट है?" गजभियेजी उठून उभे राहिले, अनवाणीच. "साहब, पैर सुखा रहे हैं. पैर सड़ गया तो चेन कौन खींचेगा?" साहेब हसले. त्यांना शिकारीचा नाद होता आणि गजभियेजी रेल्वेत असताना साहेबलोकांबरोबर जंगल तुडवलेले आहेत, हे त्यांना कुठूनतरी कळलं होतं. पुढच्या रविवारी साहेबांनी गजभियेजींना बरोबर बोलावलं. मलाही नेलं, पाण्याची पिशवी धरायला माणूस हवा म्हणून.

साहेबांकडे गुडघ्यापर्यंतचे कातडी शिकारी बूट होते. गजभियेजींनी ते घालू दिले नाहीत. "साहब, चमड़ा बोलता है. जानवर सुनता है." शिवाय एप्रिलच्या उन्हात त्यात पाय शिजेल. त्यांनी साहेबांसाठी आधीच मोच्याकडून कापडी जोडा करून आणला होता. साहेबांनी गुमान घातला. तळ्याकाठी जाईपर्यंत ते खूशच होते, आवाज नाही, पाय गार. मग बाभळीचा एक काटा कापडातून सरळ पायात शिरला. टायरच्या तळातून नाही, बाजूने. साहेब मटकन खाली बसले. शिकार राहिली बाजूला, आम्ही काटा काढत बसलो.

साहेब मनाचे मोठे. ते हसतच म्हणाले, "गजभिये, जहाँ से हवा आती है, वहाँ से काँटा भी आता है."

गजभियेजी हसले नाहीत. "काँटा निकल जाता है साहब. सड़ी चमड़ी नहीं लौटती." परतीच्या वाटेवर मलाही तेच सांगत राहिले. आपलं कुठे चुकलं असेल असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. इतर बाबतीत इतका समजूतदार माणूस, पण जोड्याचा विषय निघाला की त्यांच्यापुढे हात टेकावे लागत.

हा हट्ट कुठून आला ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. दीक्षा घेतल्यानंतरची गोष्ट, घरात भिंतीवर बुद्धाची नवी तसबीर लावत होते. त्यांच्या गावात वस्तीकडे जाणारा रस्ता पाटलाच्या घरावरून जायचा आणि तिथून जाताना यांच्या लोकांनी जोडे काढून हातात घ्यायचे. त्यांचा बाप रेल्वेच्या गँगमध्ये लागला, रेल्वेचे बूट मिळाले, आणि एकदा तो ते घालूनच पाटलाच्या दारावरून गेला. "मंग ते बूट माह्या बापाच्या डोक्यावर ठेवले अन् तसंच वस्तीवरी चालवलं, जी. मी मांगून चालत होतो. बापाचे पाय पोळून राहिले होते, पण तो मांग वळून पाहे ना." एवढं बोलून त्यांनी तसबीर सरळ केली आणि ती तिरपी तर नाही ना, असं मला विचारलं.

त्यानंतर मी कधी त्यांच्या फुंकण्याची थट्टा केली नाही.

त्यांना मूलबाळ नव्हतं आणि बायको लवकर गेली होती. धाकटी बहीण कौसा, तिचं लग्न त्यांनीच करून दिलेलं. भिलाईत काम निघाल्यावर त्यांनी बहिणीला आणि तिच्या नवऱ्याला बोलावून घेतलं. नवऱ्याचं नाव देवाजी. हसतमुख, दांडगा गडी. ठेकेदाराच्या काँक्रीटच्या गँगमध्ये लागला. वयाने लहान असला तरी गजभियेजी त्याला 'भाटवे' म्हणून मानाने हाक मारत, कारण बहिणीचा नवरा, घरचा जावई.

काँक्रीटवाल्यांना रबरी गमबूट मिळायचे. मे महिना, वरून ऊन, खालून मुरूम, आणि पाय दिवसभर रबरात. संध्याकाळी देवाजी ओसरीवर बसून बूट उपडा करायचा तर आतून घामाचं पाणी पडायचं. बोटांमधली कातडी पांढरी, भिजलेल्या कागदासारखी झालेली. गजभियेजींना ते बघवेना.

एका रविवारी सकाळी कुंपणापलीकडून रबर जळाल्याचा वास आला म्हणून मी गेलो. गजभियेजींनी शेगडी पेटवली होती. तापून लाल झालेला खिळा चिमट्यात धरून ते गमबुटाला घोट्याच्या वर ओळीने भोकं पाडत होते. मला बघून म्हणाले, "बाबू, या, पहा." मग बूट तोंडाशी धरला, फुंकर मारली. माझा हात धरून भोकांपाशी नेला. वारा लागला. "आता घेऊन राहिला श्वास!" देवाजीने तिथेच घालून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. कौसाने चहा केला. दुपारपर्यंत त्याच्या गँगमधले आणखी काही जण आपापले बूट घेऊन आले आणि ओसरीवर रांग लागली. गजभियेजी खिळा तापवत होते, फुंकत होते. एवढे खूश मी त्यांना क्वचितच बघितलं असेल.

मीही तिथे होतो, माझ्याही डोक्यात काही आलं नाही. आम्ही जमिनीवर चालणारी माणसं, खुंट्या ठोकणारी. ओल्या काँक्रीटमध्ये उभं राहणं काय असतं ते आम्हाला काय ठाऊक?

त्याच आठवड्यात भट्टीच्या पायाची मोठी ढलाई होती. एकदा काँक्रीट ओतायला सुरुवात झाली की पाया भरेपर्यंत थांबत नाही. बाकीचे फळ्यांवर होते. देवाजी दांडगा म्हणून त्याला आत, लोखंडाच्या जाळीत उतरवलं. माल घोट्याच्या वर आला. भोकांतून सिमेंटचं पाणी आत गेलं. सिमेंट काही लगेच पोळत नाही. हळूहळू कातडी खातं, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. पाळी संपल्यावर बूट काढले तर मोज्याबरोबर कातडी आली.

आम्ही इस्पितळात पोचलो तेव्हा देवाजी शुद्धीवर होता. गजभियेजी खाटेच्या पायगतीशी उभे होते. पायांवर पट्ट्या होत्या, बघण्यासारखं काही नव्हतं, तरी ते पायांकडेच बघत होते.

"भाटवे, तुमाले समजलं कावून नाई?" त्यांनी विचारलं.

"थंड वाटलं, जी," देवाजी म्हणाला. "मले वाटलं, तुमचे भोकं काम करून राहिले."

मला तिथे उभं राहवेना. मी बाहेर व्हरांड्यात आलो. थोड्या वेळाने गजभियेजी आले आणि भिंतीला टेकून खाली बसले. ज्याचं जळतं त्याला कळतं.

चौकशी झाली. देवाजीने सांगितलं की भोकं आपण स्वतःच पाडली. गँगमधले सगळे मुकाट राहिले. दुसऱ्या दिवशी गजभियेजी मला घेऊन चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेले. देवाजीचे गमबूट त्यांनी टेबलासमोर फरशीवर ठेवले. "साहब, ये छेद मैंने किए हैं." अधिकाऱ्याने विचारलं, कुठल्या खात्याचे? सर्व्हे. मग तुमचा काय संबंध? गजभियेजींनी परत सांगितलं. अधिकारी दमलेला होता, त्याच्यासमोर त्या दिवसाच्या आणखी दहा भानगडी होत्या. म्हणाला, "बाबा, मज़दूर ने ख़ुद मान लिया है. आप घर जाइए." गजभियेजी उभेच राहिले. शिक्षा मागायला आलेल्या माणसाला कोणी दारातही उभं करेना. शेवटी मी त्यांचा हात धरून बाहेर आणलं.

देवाजी जगला, पाय राहिले. पण घोट्यांवरची आणि पावलांवरची नवी कातडी इतकी पातळ आली की चपलेचा पट्टासुद्धा लागला तरी ती फाटायची. बंगाली साहेबांनी शब्द टाकला आणि त्याला टाउनशिपच्या रस्त्यांवरच्या रोपांना पाणी घालायचं काम मिळालं. ओल्या मातीत अनवाणी फिरायचं. बादली घेऊन सावकाश चालणारा देवाजी रोज आमच्या क्वार्टरवरून जायचा.

इस्पितळातून घरी आल्यावर गजभियेजी त्याच्या पायांना खोबरेल लावायला बसले होते. कौसा आतून आली. ती रागावली नव्हती, आवाजही चढवला नाही. "भाऊ," ती म्हणाली, "आता यायच्या पायाले हात नोको लावू." गजभियेजींनी वाटी खाली ठेवली.

त्या दिवसापासून त्यांनी जोडा फुंकणं सोडलं. कोणी नवा जोडा दाखवायला आलं तर म्हणायचे, "मले नोको विचारू." त्यांनी स्टोअरमधून सरकारी कातडी बूट घेतले, काळे, जड, आणि तेच घालून उन्हात साखळी ओढू लागले. दुपारी आम्ही मोहाखाली बसायचो तेव्हा ते बूट काढत नसत. "पाय सोडा" ही हाक बंद झाली. आम्हीही मग सोडेनासे झालो. एकदा त्यांचे मोजे वाळत पडलेले मी पाहिले, रक्ताचे डाग होते. मी बोलायला गेलो तर म्हणाले, "बाबू, असू द्या." त्या माणसाची चालही बदलली. आता आम्ही पुढे असायचो आणि त्यांच्यासाठी थांबायचो.

अशी काही वर्षं गेली. भट्टी उभी राहिली, पेटली, तिचा लाल उजेड रात्री आमच्या अंगणात यायला लागला. गजभियेजींची निवृत्ती जवळ आली. त्याच सुमारास गावाहून निरोप आला. त्यांची आई थकली होती आणि तिचं एकच मागणं होतं, जावयाला एकदा घेऊन ये, डोळे मिटायच्या आधी बघू दे. कौसाला जायचं होतं. देवाजी नाही म्हणाला.

"कसा जाऊ, जी?" तो मला कुंपणाशी म्हणाला. "जावई माणूस, अनवाणी सासुरवाडीले जाईल? अन् त्या पाटलाच्या दारावरून? पाह्यनारे म्हणतील, भिलाईले जाऊन बी याच्या पायात जोडे नाई आले. मामंजीच्या डोक्यावर बूट ठेवले होते त्या रस्त्यानं मी उघड्या पायानं नाई जात."

हे कौसाने भावाला सांगितलं की त्यांनी कुंपणाआडून ऐकलं, ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या ओसरीवर देवाजीच्या जोड्यासाठी कातर आणि दाभण दिसू लागलं. मशिनरीच्या खोक्यांमधून येणारा, दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा त्यांनी मागून आणला. कापूस, मखमलीचा तुकडा, जुनी धोतरं, सगळं करून बघितलं. देवाजी घालून बघायचा, चार पावलं टाकायचा आणि काढून ठेवायचा. गजभियेजी परत उसवायला बसायचे. एका सकाळी कौसा आली आणि तिने आपलं सगळ्यात जुनं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं लुगडं भावाच्या मांडीवर ठेवलं. "याचं अस्तर लावून पहा," म्हणाली आणि गेली.

पुढचं कौसाने भिलाईला परतल्यावर मला सांगितलं, ते इथेच सांगून टाकतो. गावच्या वेशीवर बैलगाडी थांबवून देवाजी खाली उतरला आणि पाटलाच्या घरावरून चालत गेला, जोडे घालून, सावकाश. पाटलाच्या ओसरीवर कोणी नव्हतं. दाराला कुलूप होतं, पाटलाची माणसं केव्हाच नागपूरला राहायला गेली होती. बघायला एक कुत्रं होतं. मागून गजभियेजी चालत होते, त्यांनी तेवढं बघितलं. गजभियेजी मग गावातच राहिले, भिलाईला परत आले नाहीत. माझी त्यांची भेटही परत झाली नाही.

म्हणून मला ते आठवतात ते दुर्ग स्टेशनवर. निवृत्त होऊन गावी निघाले होते, बरोबर कौसा आणि देवाजी. मी सोडायला गेलो होतो. उन्हाळाच होता, दुपारची पॅसेंजर, फलाट तव्यासारखा तापलेला. देवाजीच्या पायात ते जोडे होते. काय सांगू, दिसायला दोन उशा बांधल्यासारखे, लुगड्याचा हिरवा काठ कडेने बाहेर आलेला. लोक वळून बघत होते. गजभियेजी डोक्यावर ट्रंक घेऊन मागून चालत होते आणि नजर फक्त त्या जोड्यांवर.

"भाटवे, लागते का?"

"नाई जी."

चार पावलांनी परत, "लागून राहिलं असंल तं सांगा. गाडीत काढून ठेवा, तिथी उतरल्यावर घाला."

"नाई लागत, जी. चाला तुम्ही."

डब्यात चढताना देवाजीने दांडा घट्ट धरला आणि क्षणभर थांबला. मग बसला. कौसाने लगेच गाठोडं उचलून त्याच्या पायांपुढे ठेवलं. पण मी खिडकीशी उभा होतो, मला दिसलं होतं. हिरव्या काठापाशी लाल डाग धरला होता.

गजभियेजींनाही दिसलं. माणसाच्या पायावरून त्याचा सगळा दिवस ओळखणारा तो माणूस, त्याच्यापासून ते कसं लपणार? त्यांनी डब्यात चढून ट्रंक खाली ठेवली, गाठोड्याकडे बघितलं, मग हळूच मान वर करून देवाजीच्या तोंडाकडे बघितलं. देवाजी हसत होता. घामाने डबडबला होता, ओठ पांढरे पडले होते, आणि हसत होता.

"लई गार वाटून राहिलं, जी," तो म्हणाला.

गजभियेजींनी मान डोलवली. गाडी हलली तेव्हा ते खाली वाकून आपल्या काळ्या बुटांचे बंद सोडत होते.